भाड्याचं घर पक्कं करण्याआधी तुम्ही नेमकं काय बघता?

चंद्रकोर
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. राहत्या घराचा करार संपतोय, मालकांना घर स्वतःसाठी हवंय, त्यामुळे महिनाभरात हलावं लागणार. घरात मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखरे आहेत. नवरा बरेच दिवस घरूनच काम करतो, मला मात्र रोज ऑफिस गाठावं लागतं.

खूप घरं पाहून झाली, त्यातली दोन उरलीत.

पहिलं जुन्या इमारतीत, चौथा आणि शेवटचा मजला, लिफ्ट आहे. खोल्या लहान. माझं ऑफिस पायी दहा-पंधरा मिनिटांवर.

दुसरं नव्या इमारतीत, नववा मजला, ऐसपैस, मोठमोठ्या खिडक्या, नवऱ्याला कामासाठी वेगळी खोली मिळेल. पण ऑफिसला जायला एका बाजूने तासभर.

भाडं जवळपास सारखंच. एजंट म्हणतोय उद्या सकाळपर्यंत टोकन द्या, अजून तीन पार्ट्या थांबल्यात.

कुठलं घेऊ, हे तर सांगाच. पण त्याहून मोठा प्रश्न असा की घर बघायला गेल्यावर आम्ही चार खोल्यांतून फिरतो, खिडकीतून डोकावतो, "छान आहे हो" म्हणतो आणि निघतो. राहायला गेल्यावर जे कळतं ते आधीच कळावं म्हणून तुम्ही काय बघता?

घरकोंबडा
त्या तीन पार्ट्यांना माझा नमस्कार सांगा. मी पाहिलेल्या प्रत्येक घरासाठी त्याच थांबल्या होत्या. बिचाऱ्यांना अजून घर मिळालेलं दिसत नाही.

रमाकाकू
पाणी बघ गं बाई, पाणी. बाकी सगळं नंतर. आणि दुपारी तीनला जाऊन बघू नकोस, तेव्हा सगळ्यांकडेच पाणी असतं. सकाळी आठला जा, अख्खी इमारत आंघोळीला गेलेली असते तेव्हा. स्वयंपाकघरातला नळ सोडून ठेव, बाथरूममधला शॉवर चालू कर आणि नवऱ्याला सांग फ्लश ओढायला. तीनही गोष्टी एका वेळी झाल्या तर घर बरं. शॉवरची धार केसाएवढी झाली तर निघ तिथून.

सिंकखालचं कपाट उघडून हात आत घालून बघ. नुसतं डोळ्यांनी नाही, हाताने. लाकूड फुगलेलं असेल तर हाताला कळतं.

पाणीवाला
काकूंना शंभर टक्के अनुमोदन. आमचा धंदाच हा, म्हणून थोडं सविस्तर.

चंद्रकोर, तुमचं पहिलं घर शेवटच्या मजल्यावर आहे हे वाचून मी थबकलो. गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत लोकांना वाटतं, टाकी डोक्यावरच आहे म्हणजे पाणी धो धो येणार. होतं उलट. पाण्याचा दाब ठरतो टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा किती वर आहे त्यावर. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. तुमचा शॉवर आणि टाकी यांत दोन मीटरचं अंतर असेल तर दाब फक्त ०.२ बार. त्यात पाइप जुने लोखंडी असतील तर आतून गंजून त्यांचं भोक निम्मं झालेलं असतं. गरम पाण्याचा इन्स्टंट गीझर असेल तर एवढ्या दाबावर तो चालू व्हायलाच नकार देतो, कारण आतून किमान अमुक इतकं पाणी वाहिल्याशिवाय तो पेटत नाही. तळमजल्यावरचा माणूस मात्र त्याच टाकीच्या पाण्याने मजेत न्हातो.

चाचणी सोपी आहे. दहा लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि घड्याळ बघा. मिनिटभरात भरली तर उत्तम. दोन मिनिटांत भरली तर निभावेल. त्याहून जास्त लागलं तर मालकाला पंप बसवायला सांगा, आणि तोही करारात लिहून घ्या. तोंडी पंपाला पाणी चढत नाही.

चंद्रकोर
रमाकाकू, पाणीवाला, धन्यवाद आणि अरे देवा. आम्ही एकही नळ सोडून पाहिला नव्हता. एजंटने आम्हाला आरशाभोवतीचे दिवे दाखवले, तेच पाहत बसलो.

पायवाट
एवढा विचार कशाला? पहिलं घ्या. पायी ऑफिसला जाता येणं यासारखं सुख नाही. दिवसाचे दोन तास म्हणजे आठवड्याचे दहा. त्या दहा तासांत मोठ्या खिडकीतून बाहेर बघायला तरी तुम्ही घरी असणार आहात का?

हे नुसतं माझं मत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहायला लावला होता, कुठल्या वेळी कसं वाटत होतं त्याचा. कामावर जाण्या-येण्याचा प्रवास आनंदाच्या यादीत अगदी तळाशी होता. घरकामही त्याच्या वर होतं!

उंबरठा
पायवाट, टेक्सासमधल्या बायका गाडी चालवत असणार. मला बसायला जागा मिळते आणि तो तास दिवसातला एकमेव तास आहे ज्यात मला कोणी हाक मारत नाही. पुस्तकं वाचून होतात, डुलकी होते. तो तास काढून घेतलात तर मी घरच्यांवर खेकसेन.

आणि चंद्रकोर यांच्या नवऱ्याचं काय? लहान घरात घरून काम करणाऱ्या माणसाचं काय होतं ते मी रोज बघते. आमच्याकडे नवरा जेवणाच्या टेबलावर मीटिंगमध्ये असतो आणि बाकीचे सगळे मूकबधिर असल्यासारखे खाणाखुणा करत वावरतात. मिक्सर लावायचा तर आधी त्याच्याकडे बघून भुवया उंचावायच्या. प्रवासाचा त्रास एकीला होईल, घर लहान असण्याचा तिघांना. सासूबाई तर दिवसभर घरातच.

पायवाट
मुद्दा मान्य. तरी "बसायला जागा मिळते" ही अट मोठी आहे. चंद्रकोर यांना ती मिळणार का, हे त्यांनी सोमवारी सकाळी त्या रस्त्याने एकदा जाऊन बघावं. रविवारी दुपारी नकाशावर दिसणारा तास आणि सोमवारी सकाळचा तास यांचं एकमेकांशी नातं नसतं.

अवांतर: चेझारे मार्केट्टी नावाच्या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, पायी चालणारा असो की आगगाडीने जाणारा, दिवसाकाठी एकूण सुमारे तासभरच प्रवास सोसतो. वाहनं वेगवान झाली की शहरं पसरतात, तास तेवढाच राहतो. चंद्रकोर यांचे दुसऱ्या घराचे दोन तास म्हणजे दुप्पट.

गणितवेडा
घर निवडण्याचा प्रश्न गणिताने केव्हाच सोडवलाय आणि कोणी उल्लेखही केला नाही, याचं आश्चर्य वाटलं. याला सेक्रेटरी प्रॉब्लेम म्हणतात. गणिती कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात असंच कोडं दिलं होतं. एकूण जेवढी घरं बघणार असाल त्यातली पहिली ३७ टक्के नुसती बघायची, एकही घ्यायचं नाही. त्यानंतर त्या सगळ्यांपेक्षा सरस असं पहिलं जे घर दिसेल ते डोळे मिटून घ्यायचं. सर्वोत्तम घर हाती लागण्याची शक्यता यापेक्षा वाढवता येत नाही. हे सिद्ध झालेलं आहे.

चक्रम
आणि ती शक्यता किती असते, तेही सांगा की.

गणितवेडा
तीही ३७ टक्केच.

चक्रम
म्हणजे शंभरातल्या ६३ वेळा गणिताने सोडवूनही पस्तावणारच. त्यापेक्षा नाणं उडवा, दोनच घरं आहेत, निम्मी शक्यता तरी मिळेल. (हलकेच घ्या)

शंकासुर
गणितवेडा, तुमच्या कोड्यात एकूण घरं किती आहेत ते आधी माहीत असतं आणि नाकारलेल्या घराकडे परत जाता येत नाही. खऱ्या आयुष्यात दोन्ही खोटं. नाकारलेल्या घराचा एजंट पुढचे सहा महिने रोज फोन करतो.

माझा मूळ आक्षेप मात्र या धाग्यालाच आहे. भाड्याचं घर आहे हो, लग्न नाही लावायचंय त्याच्याशी. नाही पटलं तर करार संपल्यावर सोडा. बादल्या काय मोजताय, टेक्सास काय काढताय.

रमाकाकू
शंकासुरा, घर सोडायचं म्हणजे काय असतं ते तुझ्या घरात कोण करतं? सामान कोण बांधतं? गॅस, इंटरनेट, बँक, सगळीकडे पत्ता कोण बदलतं? ते तू करत असशील तरच बोल.

शंकासुर
😶

घरकोंबडा
काकूंनी षटकार मारला.

ओलसर
उशिरा आलो, पण माझा आवडता विषय अजून कोणी काढलेला नाही, त्यामुळे हात धुऊन घेतो. इमारत दुरुस्तीच्या कामात आहे. भिंती बघा. भिंत खोटं बोलत नाही, तिच्यावरचा रंग बोलतो.

घरात शिरल्यावर सगळ्या खोल्या जुन्या रंगाच्या आणि एकच भिंत ताजी रंगवलेली दिसली, की तिथे थांबा. मालक हौसेने एकच भिंत रंगवत नाही. बोटाने टिचकी मारा. प्लास्टर सुटलं असेल तर पोकळ आवाज येतो. हात फिरवा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो चुना नव्हे, भिंतीतलं पाणी बाहेर येताना सोबत आणलेले क्षार आहेत. पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात.

ओल कुठून आली हे तिच्या जागेवरून बरंचसं कळतं. तळमजल्यावर जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पट्टा दिसला तर पाणी जमिनीतून वर चढतंय. छताला तपकिरी कडेचं वर्तुळ दिसलं तर वरच्यांचं बाथरूम किंवा गच्ची. बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळे ठिपके असतील तर बहुतेक वेळा पाणी बाहेरून आलेलंच नसतं. घरातलीच दमट हवा गार भिंतीला लागून तिथे पाणी धरते आणि बुरशी येते. या तिसऱ्या प्रकाराला तुम्ही खिडक्या उघडून, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून आवर घालू शकता. पहिल्या दोन्हींचं भाडेकरू काहीही करू शकत नाही. मालकाने केलं तर केलं.

कुठला प्रकार ते कळत नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलचा चौकोन भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा. एक-दोन दिवसांनी खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतला ओलावा, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर भिंतीतला. घर बघायला गेल्यावर हे करता येत नाही, हे कबूल. पण राहत्या घरात करून बघा, मजा येते.

चंद्रकोर, शेवटचा मजला म्हणजे वर थेट गच्ची. छत नीट बघितलंत का? पंख्याच्या हुकाभोवती बघा. पाणी तिथूनच वाट काढतं.

निवांत
"मजा येते." काय एकेकाची मजा.

उंबरठा
ओलसर यांच्या पोस्टमध्ये माझी भर: नाक. दार उघडताक्षणी रूम फ्रेशनरचा भपकारा आला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा वास घ्या, आणि भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून डोकं आत घाला. कपाटात कोणी फ्रेशनर मारत नाही.

पाणीवाला
पण बाथरूममध्ये गटाराचा वास आला म्हणून लगेच घर नाकारू नका. घर बरेच दिवस बंद असेल तर जाळीखालच्या वाकड्या पाइपात जे पाणी साठलेलं असतं ते उडून जातं. गटाराचा वास अडवणारं झाकण म्हणजे तेच पाणी. दोन तांबे पाणी ओता, थोड्या वेळाने पुन्हा वास घ्या. गेला तर काही नाही. तरीही येत असेल तर त्या पाइपात खोट आहे.

शंकासुर
म्हणजे आता घर बघायला जाताना बादली, तांब्या, फॉइल आणि घड्याळ घेऊन जायचं. एजंटला वाटेल पूजा सांगायला भटजी आलेत.

भिंतीलाकान
सगळे डोळे आणि नाक वापरतायत. कानाचं काय?

आवाज दोन जातींचे. एक हवेतून येणारा: रस्ता, भोंगे, शेजारचा टीव्ही. तो बहुतेक खिडकीच्या फटीतून येतो. खिडकी बंद करून ऐका. बंद केल्यावर लक्षणीय फरक पडत असेल तर बिघडलेलं काही नाही, रबरी पट्ट्या लावून आणखी कमी करता येईल. दुसरा स्लॅबमधून येणारा: वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, टाचा वाजवत चालणं, रात्री अकराला पडलेली आणि घरंगळत गेलेली गोटी. याला तुमच्या खोलीत काहीही लावून उपयोग नाही, ना पडदे, ना गालिचा. गालिचा वरच्यांच्या घरात हवा, आणि वरच्यांना तो तुम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?

म्हणून शेवटचा मजला हे मी सोनं समजतो. चंद्रकोर, पाण्याचा दाब पंपाने वाढतो. वरच्या कुटुंबाची खुर्ची कुठल्याच पंपाने थांबत नाही.

जाताना एकदा रात्री नऊनंतर जा. लिफ्टची मोटर कुठल्या भिंतीपलीकडे आहे, पाण्याचा पंप कुठे आहे, खाली कुठल्या दुकानाचं शटर उशिरा पडतं, हे सगळं दिवसा गप्प असतं.

ओलसर
शेवटचा मजला सोनं आहे, पण तापलेलं. दिवसभर उन्हात भाजलेला स्लॅब संध्याकाळनंतर आत उष्णता सोडायला लागतो. लोक सकाळी घर बघतात, हवेशीर म्हणतात, आणि रात्री झोपताना कळतं. छताला हात पोचत नाही, पण संध्याकाळी सातला भिंतीच्या वरच्या भागाला हात लावून बघा.

निवांत
दुसऱ्या घराच्या मोठमोठ्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत? पश्चिमेला असतील तर दुपारी ऊन आडवं आत येतं. वर छज्जा असला तरी ते अडत नाही, कारण सूर्य खाली आलेला असतो. घरून काम करणाऱ्याच्या नेमका डोळ्यांत. मोबाइलमधलं होकायंत्र वापरायचं तर बाल्कनीत जाऊन वापरा, भिंतीतल्या सळ्यांमुळे घरात ते काहीही दाखवतं. आणि आज खिडकीत दिसणारं ऊन वर्षभर तिथेच असेल असं धरू नका. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो तो वर्षातून दोनदाच, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास. एरवी तो इकडेतिकडे सरकलेला असतो.

मालकीणबाई
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, माझी एक जागा भाड्याने दिलेली असते. वरची सगळी यादी वाचून वाटेल की मालक वैतागेल. खरं सांगू? जो भाडेकरू नळ सोडून बघतो, तो नंतर गळका नळ लगेच कळवतोही. जो सगळ्याला "छान छान" म्हणतो त्याच्या काळात सिंकखालचं कपाट कुजतं आणि मला घर सोडल्यावर कळतं.

भांडणं होतात ती डिपॉझिटवरून, आणि सगळी टाळता येण्यासारखी असतात. किल्ली हातात आली की सामान आत यायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा. फरशीवरचा चरा, दाराचं निखळलेलं बिजागर, बेसिनचा टवका, सगळं. मीटरच्या आकड्याचा फोटो. मालकाला त्याच दिवशी पाठवून द्या. तो "ठीक आहे" एवढं म्हणाला तरी पुरे. मग घर सोडताना कोणी कोणावर आवाज चढवत नाही. खिळ्याची भोकं, फिका झालेला रंग ही वापराची झीज. तुटलेली काच हे नुकसान. यातली रेघ कुठे मारायची ते करारात आधीच लिहा, माझ्यासारख्या मालकिणीलाही तेच सोयीचं पडतं.

आणि करारातल्या तीन ओळी मोठ्याने वाचा: नोटीस किती दिवसांची, मुदतीआधी सोडलं तर काय, आणि दुरुस्ती कोणाकडे. बाकीची पानं सगळीकडे सारखीच असतात.

चक्रम
मालकीणबाई, तुमची जागा कधी रिकामी होतेय? विचारून ठेवतो.

पायवाट
एक धोक्याची सूचना. नवीन लोक हे वाचतील म्हणून. घर न बघता कोणी पैसे मागितले, "मालक परदेशात आहेत, किल्ली कुरियरने येईल" असं सांगितलं, भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा निम्मं असलं, की फोन ठेवून द्या. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर उलटे शोधून बघा, बरेचदा तेच फोटो तिसऱ्याच शहरातल्या घराचे निघतात.

निवांत
विजेचं राहिलं. मीटरपाशी आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा खटका, आहे का ते बघा. विजेची ३० मिलिअँपची गळती झाली की वीज तोडतो तो. त्यावर छोटं टेस्टचं बटण असतं, मालकाला विचारून दाबायचं, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ते नुसतं शोभेचं. न विचारता दाबू नका, एका मित्राने दाबलं आणि मालकाच्या मुलाची ऑनलाइन परीक्षा चालू होती.

रमाकाकू
चंद्रकोर गायब. टोकन देऊन बसली की काय?

चंद्रकोर
नाही काकू, कसलं टोकन! एजंटला दोन दिवस मागून घेतले. (तीन पार्ट्या थांबल्या हो, फार समजूतदार आहेत.) तुमची यादी घेऊन दोन्ही घरं पुन्हा पाहिली, या वेळी सासूबाईंना घेऊन. लांबण लागेल, पण लिहिते.

आधी दुसरं घर, संध्याकाळी. निवांत, खिडक्या पश्चिमेलाच. नवऱ्याने जी खोली कामासाठी धरली होती तिथे तो लॅपटॉप उघडून उभा राहिला आणि त्याला स्क्रीनवर फक्त स्वतःचा चेहरा दिसत होता. येताना साडेसहाला लिफ्टपाशी रांग. सासूबाई रांगेत उभ्या राहिल्या, दुसऱ्या फेरीत नंबर लागला. त्या काही बोलल्या नाहीत, पण एक हात पूर्ण वेळ भिंतीला होता. पाणी मात्र जोरात, भिंती कोरड्या ठणठणीत.

मग पहिलं, सकाळी आठला. बादली नेली होती, एजंटचा चेहरा बघण्यासारखा. शॉवरखाली बादली भरेपर्यंत नवऱ्याची ऑफिसची दोन ईमेल वाचून झाली. छताला पंख्याच्या हुकाभोवती तपकिरी वर्तुळ होतं, ओलसर म्हणाले तसंच, त्यावर रंगाचा एक हात मारलेला. आणि जे मी नोंदलंच नव्हतं ते सासूबाईंनी दाखवलं: लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोचायला सहा पायऱ्या चढाव्या लागतात. त्या चढून गेल्या. कठडा दोन्ही बाजूंना होता, मजबूत. वर जाऊन म्हणाल्या, सहा पायऱ्या रोज चढले तर गुडघे चालू राहतील, त्या रांगेत उभं राहून नाही राहायचे.

तर पहिली इमारत पसंत, पण ते घर नापसंत, असा पेच. निघताना सासूबाई वॉचमनशी बोलत बसल्या, मी गाडीची वाट बघत होते. त्या परत आल्या त्या बातमी घेऊनच. दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब पुढच्या आठवड्यात जातंय. जाहिरात कुठेच नाही. मालक त्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात.

लगेच दार वाजवलं. खोल्या तेवढ्याच लहान, पण आतल्या खोलीला एक बंदिस्त गॅलरी आहे, त्यात टेबल बसतं आणि दार लागतं. मीटिंग झाली की दार उघडायचं.

पाणीवाला
दोन मजले खाली म्हणजे साधारण सहा मीटर. ०.६ बार जास्त. पंप विसरा. तरी बादली लावलीत ना?

चंद्रकोर
लावली! मिनिटात भरायला थोडीच उणी राहिली. तिथल्या काकू म्हणाल्या, आमच्याकडे आजवर बादली घेऊन कोणी घर बघायला आलं नव्हतं.

गणितवेडा
बघा! आधी बरीच घरं नुसती पाहिली, मग आतापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा सरस दिसलं ते पहिलं घर लगेच पकडलं. हाच तो नियम.

चक्रम
वॉचमन तुमच्या समीकरणात कुठे बसतो?

शंकासुर
वॉचमन हीच खरी वेबसाइट. हे मी सुरुवातीलाच लिहिणार होतो.

रमाकाकू
लिहिलं नाहीस ना पण. चंद्रकोर, सासूबाईंना माझा नमस्कार सांग. घर त्यांनीच शोधलंय.

उंबरठा
गॅलरीत दार लागतं म्हणजे मिक्सर लावता येणार. भाग्यवान आहेस. पाहुणे आल्यावर तुझा नवरा झोपणार कुठे ते मात्र विचारू नकोस, तो पुढचा धागा.

मालकीणबाई
मालक त्याच इमारतीत, म्हणजे दुरुस्तीला वेळ लागणार नाही. पण तळमजल्यावर राहतात म्हणून फोटो पाठवायचं टाळू नका. "आपलेच आहेत" म्हणून राहिलेल्या गोष्टींवरूनच डिपॉझिट अडतं. मीटरचा फोटो विसरू नका. आधीच्या कुटुंबाचं वीजबिल भरलेलं आहे ना, तेही बघून घ्या.

चंद्रकोर
हो, आजचं बिल मागितलंय. करारात नोटीस एक महिन्याची, दुरुस्ती मालकांकडे, हे त्यांनी स्वतःच लिहिलं होतं.

भिंतीलाकान
सगळे आनंदात आहेत म्हणून थांबलो होतो. आता विचारतो. शेवटचा मजला सोडलात, म्हणजे डोक्यावर आता तिसरा मजला आहे. तिथे कोण राहतं ते विचारलंत का?

चंद्रकोर
विचारलं. एक आजी आणि त्यांची मांजर.

भिंतीलाकान
मांजर चालेल. आजींच्या खुर्च्यांना खालून फेल्टचे तुकडे चिकटवून द्या. ओळख करून घ्यायला गेलात की सोबत घेऊनच जा.